मागच्या दाराची किल्ली



आग लागल्यावर कामगारांनी बाहेर कसे पडावे, हा प्रश्न आम्ही संघटनेचे लोक करार करतेवेळीच विचारतो. न्यूयॉर्कची २५ मार्च १९११ ची हकीकत ऐकलीत, तर त्याचे कारण कळेल.

तेथील ट्रँगल कंपनीचा कपडे शिवण्याचा कारखाना आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यावर होता. आग आठव्यावर लागली. दहाव्यावर, मालकांच्या कचेरीत, टेलिफोनने वर्दी गेली. तेथली बहुतेक माणसे छपरावरून निसटली. मधल्या नवव्या मजल्याला कोणी कळविलेच नाही. तेथील एक दार कुलूपबंद होते. कारण कापड चोरीस जाऊ नये म्हणून सुटताना पिशव्या तपासून एकाच दाराने बाहेर सोडण्याची रीत होती. १४६ माणसे मेली. त्यांत बहुतेक तरुण मुली.

पाण्याच्या बादल्या तेथे होत्या, जिनेही होते. योजना नव्हती. योजना म्हणजे बाहेरच्या बाजूस उघडणारे बिनकुलपाचे दार, प्रत्येक मजल्यावर ऐकू जाणारी घंटा, बदली कामगाराच्याही पायाखालची झालेली वाट आणि बाहेर आल्यावर हजेरीपटावरून मोजदाद. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानेच काम चालू असता दारे कुलूपबंद ठेवण्यास मनाई केली. तरीही आम्ही स्वतः जाऊन कडी ओढून पाहतो.

सरावात अर्धा तास बुडतो, असे मालक म्हणतात. ट्रँगलमधला सारा प्रकार अर्ध्या तासाच्या आत आटोपला होता.

उद्या आपापल्या कचेरीत, दुकानात, शाळेत गेल्यावर एवढेच विचारा : मागच्या दाराची किल्ली कोणापाशी असते?