थकीत हप्ता आणि सरकारी खुर्ची



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. पण बँकभरतीची तयारी करणारी मुलं भेटली की विचारतो, जाहिरात शेवटपर्यंत वाचली का? बहुतेकांनी वय, फी आणि अभ्यासक्रम एवढंच पाहिलेलं असतं.

स्टेट बँकेच्या जाहिरातीत कर्जफेडीची अट असते. तिचे शब्द नीट वाचा, कारण ते बदलतात. एका ठिकाणी म्हटलेलं असतं की नेमणुकीचं पत्र निघेपर्यंत थकबाकी फेडली नाही तर अपात्र. दुसरीकडे थकवल्याची नोंद असणंच पुरेसं ठरतं. २०२१ मध्ये या बँकेने एका ऑफिसरची नेमणूक रद्द केली. त्याचं म्हणणं, जाहिरात निघाली तेव्हा माझ्याकडे काहीच बाकी नव्हतं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली: लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याचा स्वतःचा व्यवहार आधीपासून चोख हवा.

आपल्यातले काही म्हणतील, आम्ही व्याजाच्या वाटेला जातच नाही. ठीक. पण चुलतभावाच्या गाडीच्या कर्जाला जामीन कोण राहिलं? ते कर्ज जामीनदाराच्या अहवालातही दिसतं. शैक्षणिक कर्ज ‘अब्बांनी काढलं’ असं घरात बोलतात, पण कर्जदार म्हणून नाव विद्यार्थ्याचंही असतं. नोकरी लागत नाही म्हणून हप्ता थकतो आणि हप्ता थकला म्हणून नोकरी जाते. गरीब घरातल्या पहिल्या पदवीधराला हा नियम सगळ्यात जास्त लागतो, हे कुणीतरी बोलायला हवं.

तोवर आपल्या हातात काय आहे? देशात चार क्रेडिट कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आजच काढा. बँकेने ‘तडजोड करू, थोडं भरा’ म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. अहवालात मग ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि तो ‘क्लोज्ड’इतका स्वच्छ मानत नाहीत. पूर्ण फेडलं की ना-देय प्रमाणपत्र मागून घ्या. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता निवडणुकीकडे येऊ. आमदार-खासदारांना राज्यघटना कर्जासाठी अडवत नाही. न्यायालयाने दिवाळखोर ठरवलं आणि त्यातून मुक्तता झाली नाही तरच अडवते. कोट्यवधींचं कर्ज प्रतिज्ञापत्रात लिहून माणूस विधानसभेला उभा राहतो. बँकेत क्लार्क व्हायला मात्र हप्ते तपासतात. मला हे उलटं वाटतं.

गावात त्याहून कडक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, कराचं बिल रीतसर हातात पडल्यावर तीन महिन्यांत भरलं नाही तर सदस्य होता येत नाही, आणि निवडून आलेल्याचं सदस्यत्वही जाऊ शकतं. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक गोष्ट आहे. हिंदू एकत्र कुटुंब, किंवा रूढीने ज्यांची मालमत्ता वा राहणं एकत्र आहे असा कुठलाही गट, यातल्या एकाने कर थकवला तर सगळेच अपात्र. म्हणजे आपली एकत्र राहणारी घरंही यात येऊ शकतात. घरपट्टी सासऱ्यांच्या नावावर, बिल त्यांनी फळीवर ठेवलेलं, आणि महिलांच्या राखीव जागेवर उभी राहणारी सून बाद. विरोधक हेच शोधत असतात.

म्हणून ज्या बहिणी पंचायतीला उभ्या राहणार आहेत, त्यांनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या नावावर घरपट्टी-पाणीपट्टी किती बाकी आहे ते विचारावं. अर्ज भरण्यासाठी ठरलेल्या दिवसाआधी पैसे भरले असतील तर कायदा अपात्र धरत नाही. फक्त पावती तारखेसकट घ्या, आणि तिची झेरॉक्स अर्जाच्या फाइलमध्ये ठेवा.