शिंगराच्या पाठीवर खोगीर केव्हा?

(कफ परेड येथील मच्छीमार नगरात भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





शिक्षणावर बोला, असे मला सांगण्यात आले आहे. मी विद्वान नाही. माझे बालपण तबेल्यात गेले. तेव्हा जे मला ठाऊक आहे, त्या घोड्यांविषयीच मी बोलणार आहे. त्यातून शिक्षणाचे काय निघते ते आपण पाहावे.

माझे अब्बा व्हिक्टोरिया हाकत. अपोलो बंदर, मरीन ड्राइव्ह, चौपाटी हा त्यांचा रोजचा रस्ता. १९७१ साली त्यांनी एक शिंगरू विकत घेतले. पुढे त्याला वरातीसाठी तयार करावे, असा त्यांचा विचार होता. तांबूस रंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले ते शिंगरू अंगाने इतके भरले होते, की पाहणाऱ्याला ते पुरते वाढलेले घोडेच वाटावे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि सातवीत शिकत होतो. मी रोज विचारी, "अब्बा, याच्यावर बसू का?" अब्बा त्याचा ओठ वर करून दात दाखवीत. "अजून दोनच दात आलेत. चार दात होऊ देत, मग खोगीर ठेवू. जुळला म्हणजे माणूस बसवू."

बकरी ईदला देवनारच्या बाजारात बकरा घेताना आपण दात पाहतो, तोच हा हिशेब. घोड्याचे दुधाचे पुढचे दात पडून कायमचे दोन दात साधारण अडीच वर्षांनी येतात, चार दात साडेतीन वर्षांनी आणि सहा साडेचार वर्षांनी. पाच वर्षांचा झाला की घोडा जुळला असे म्हणतात. पूर्वीच्या चाबुकस्वारांनी हा हिशेब कोणत्या पुस्तकातून घेतला नव्हता, पण आजचे पशुवैद्यकही त्याच अंगाने बोलते. लहान वयात हाडाच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो. तिथून हाड वाढते आणि वाढ पुरी झाली की तो थर टणक होतो. हे खालून वर होत जाते. खुराजवळची हाडे पहिल्या वर्षाच्या आसपास पक्की होतात. पुढच्या पायाचा गुडघा पक्का व्हायला दोन-अडीच वर्षे लागतात. सर्वांत शेवटी पक्का होतो तो पाठीचा कणा. त्याला पाच ते सहा वर्षे लागतात. म्हणजे ज्या जागी आपण बसतो, ती जागा सर्वांत उशिरा तयार होते! उंची आधी येते, बळ मागाहून.

असो. त्या उन्हाळ्यात अब्बांना कावीळ झाली. ते अंथरुणाला खिळले आणि गाडी बंद पडली. घरात आम्ही पाच भावंडे. लग्नसराईचे दिवस होते. एका बँडवाल्याने विचारले, "घोडा आहे का?" मी अब्बांना न विचारताच हो म्हणालो. नवरदेव, त्याच्यापुढे बसणारे लहान मूल, जरीचे जड खोगीर, सगळे मिळून शंभर किलोच्या घरात जात असेल. जाणकार सांगतात, पुरत्या वाढलेल्या घोड्यावरही त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे घालू नये. आमचे शिंगरू फार तर अडीचशे किलोचे. त्याचा पाचवा हिस्सा होतो पन्नास किलो. आणि खाली डांबराचा कठीण रस्ता.

अकरा वराती झाल्या. बाराव्या रात्री ते मधेच थांबले. मी लगाम ओढला, तेव्हा ते पुढचा उजवा पाय टेकीना. गुडघा सुजला होता. परळच्या बैलघोडा इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि वय विचारले. मी खोटे सांगितले, "चार वर्षांचा." त्यांनी ओठ वर केला, दात पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत.

ते शिंगरू पुढे जगले, पण जन्मभर लंगडत राहिले. अब्बांनी मला मारले नाही. ते एवढेच म्हणाले, "तू पैसे आणलेस ते घराला लागले, ते मी नाकबूल करीत नाही. पण हा घोडा वीस वर्षे कमावणार होता."

त्या जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मी शाळेत गेलो नाही. व्हिक्टोरियाच्या बाकावर बसलो. त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही, पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन शिंगरांवर खोगीर चढले होते.

मित्रहो, मी पुढे रात्रशाळेत जाऊन चोविसाव्या वर्षी एस.एस.सी. झालो आणि एका कचेरीत कारकून लागलो. धाकटा भाऊ मात्र लगाम धरून राहिला. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा निकाल दिला. मुक्या जनावरांचे हाल होत होते, हे खोटे नाही. पण भावाला दुसरे काही येत नव्हते. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात लगामाशिवाय कोणतीही विद्या नाही. धंदा कधी बुडेल हे कोणी सांगू शकत नाही. शिकलेल्या माणसाला दुसरी वाट शोधता येते, एवढेच मी सांगू शकतो.

कोणी म्हणेल, शर्यतीचे घोडे तर दोन वर्षांचे असतानाच पळतात. खरे आहे. शर्यतीच्या जुगाराशी आपल्याला कर्तव्य नाही, पण महालक्ष्मीला १९४३ पासून जी इंडियन डर्बी होते, तीसुद्धा चार वर्षांच्या घोड्यांची असते. आणि व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेत पांढऱ्या लिपिझानर घोड्यांचे शिक्षण सुमारे चौथ्या वर्षी सुरू होते आणि पुढे कित्येक वर्षे चालते. त्यांचे काही अडत नाही.

मात्र एक गैरसमज नको. थांबणे म्हणजे शिंगरू खुंटीला बांधून ठेवणे नव्हे. नुसते उभे राहिलेल्या जनावराची हाडेही कच्चीच राहतात. त्याला मोकळ्या मैदानात पळू द्यावे लागते. खरारा करावा, पाय उचलून धरण्याची सवय लावावी, लगामाची ओळख करून द्यावी, गर्दीतून हाताने चालवून आणावे. ओझे तेवढे घालू नये. मुलांचेही तेच आहे. सुट्टीच्या दिवशी मुलाने बापाशेजारी बसून जाळे विणावे, हिशेब लिहून द्यावा, आईला बाजाराच्या टोपल्या उचलू लागावे. त्यात कमीपणा नाही. ते शिक्षणच आहे. पण घराचा खर्च त्याच्या खांद्यावर टाकला, म्हणजे ते खोगीर झाले.

या वस्तीत मी हे बोलतो याला कारण आहे. समुद्र आपल्या शेजारी आहे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने चोपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये. आपले कोळी बांधव पूर्वीपासून जाणतात, की आज पिल्लू उचलले तर उद्या जाळे रिकामे येते. माशाच्या पिल्लासाठी आपण थांबतो, मग पोटच्या पोरासाठी का थांबू नये? होड्या पुन्हा पाण्यात उतरतात तेव्हा आठवी-नववीच्या वर्गातले काही बाक रिकामे होतात. कोणी बर्फ उचलायला जातो, कोणी मुलगी पहाटे कोळंबी सोलायला जाते. मुलगी उंच दिसू लागली की शेजारपाजारचे विचारू लागतात, "आता कशाला शिकवता?" उंची पाहून फसू नका, एवढीच माझी विनंती आहे.

मातांनो, पालकांनो, तुमची अडचण मला ठाऊक आहे. आजारी बापाच्या उशाशी मी बसलो आहे. म्हणून "काहीही करा, पण शाळा सोडू नका" असे कोरडे बोलून मी जाणार नाही. तशी वेळ आली तर दाखला काढण्याआधी एकदा शिक्षकांकडे या, संस्थेच्या कार्यालयात या. वह्यापुस्तके, फी, रात्रशाळा, काहीतरी मार्ग काढता येतो. आमच्या घरी त्या वेळी कोणी विचारायला आले नाही, आणि आम्हीही कोणाकडे गेलो नाही. चूक दोन्हीकडची होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. घाई नेहमी आईबापांचीच असते असे नाही. माझ्या बाबतीत ती माझीच होती. खिशात खुळखुळणारे पैसे मलाच हवे होते. अब्बा थांबा म्हणत होते.

इथून फोर्टकडे गेलात तर काळा घोडा पाहा. जुन्या पुतळ्यावर राजपुत्र बसलेला होता. तो पुतळा १९६५ साली तिथून हलवून भायखळ्याच्या बागेत नेला. २०१७ साली त्या भागात नवा घोडा बसविला, त्याच्या पाठीवर कोणीच नाही. मी कधी त्या बाजूला गेलो तर क्षणभर उभा राहतो. कपाळावर टिळा नाही, एवढाच फरक.