पुढील स्टेशन: शूर्पारक

(या भागात जे बोलले, ते इथे लिहून देतेय. ट्रेनमध्ये रेंज जाते, डब्यात गोंगाट असतो, त्यामुळे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. माझे 'म्हणजे ना, म्हणजे' तेवढे काढून टाकलेत.)

हेडफोन नीट लावा, दरवाज्यात उभे असाल तर थोडे आत सरका, आणि ऐका.

सुट्ट्या लागल्या की गावाकडून पाहुणे येतात आणि आपली ठरलेली यादी निघते. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वेळ उरला तर बोटीने घारापुरी. मजा येते, प्रश्नच नाही. पण ही यादी चर्चगेटच्या आसपासच का संपते? ट्रेन तर पुढे विरारपर्यंत जाते, आणि काही आज नाही जात. १२ एप्रिल १८६७ ला या मार्गावरची पहिली लोकल सुटली, तीच मुळी विरारहून, बॅकबेला जायला. पण विरारकडे 'फिरायला' कुणी जात नाही. तिकडे लोक फक्त राहायला जातात.

मीही त्यातलीच. माझं घर नालासोपाऱ्याला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ओळखपरेड झाली. कुणी दादरचं, कुणी पार्ल्याचं. माझा नंबर आला, मी म्हटलं "नालासोपारा", आणि मागच्या बाकावर कुणीतरी फुस्सकन हसलं. दुसरा म्हणाला, "व्हिसा लागतो ना तिकडे?" मीही हसले. पण त्यानंतर पुढची दोन वर्षं कुणी विचारलं की मी सांगायचे, "वसईच्या जवळ." वसई म्हटलं की किल्ला, नारळ, चर्च येतं. नालासोपारा म्हटलं की गर्दी, पाण्याचे टँकर आणि लेडीज डब्यातली मारामारी.

मग एकदा कॉलेजची सहल काळा घोड्याला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेली. मी अर्धवट कंटाळलेली. एका काळ्या दगडापाशी थांबले, कारण बाजूच्या पाटीवर एक शब्द दिसला: सोपारा. परत वाचलं. सम्राट अशोकाचा शिलालेख, इसवी सनापूर्वी तिसरं शतक, सापडला सोपारा इथे. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पप्पांचा रिप्लाय आला: "हे आपलं सोपारा?"

हो पप्पा, आपलंच.

आता मंडळी, थोडा इतिहास, कारण याच्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक. महाभारतात ते येतं, परशुरामासाठी समुद्राने मोकळी करून दिलेली भूमी म्हणून. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, त्यात भडोचच्या खालच्या बंदरांत 'सुप्पारा' आणि 'कल्लिएना' ही नावं आहेत. सोपारा आणि कल्याण! म्हणजे आज वेस्टर्न आणि सेंट्रल लाइनवाले ज्यावरून भांडतात, ती दोन्ही स्टेशनं दोन हजार वर्षांपूर्वी एकाच यादीत होती.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट. बौद्ध ग्रंथांत पूर्ण नावाचा एक व्यापारी आहे, इथलाच. तो बुद्धांचा शिष्य होतो आणि धर्म सांगायला आपल्या मुलखात परत जायचं म्हणतो. बुद्ध त्याला विचारतात की तिकडची माणसं फार तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय करशील? पूर्ण म्हणतो, मारलं तर नाही ना, म्हणजे चांगलीच आहेत. मारलं तर? दगड नाही ना मारले, म्हणजे चांगलीच आहेत. असं करत ते थेट जिवावर येतं, तरी हा आपला म्हणतोच, चांगलीच आहेत! मला हे वाचून विरार फास्ट आठवली. आमच्या लोकांबद्दल दादरला जे बोलतात, तेच तेव्हाही बोलत होते.

मग एवढं मोठं बंदर गेलं कुठे? खाडी गाळाने भरत गेली, जहाजं आत येईनाशी झाली, व्यापार दुसऱ्या बंदरांकडे सरकला. राहिलं एक गाव, तळी, वाड्या आणि एक टेकाड. त्या टेकाडाला लोक म्हणायचे 'बुरूड राजाचा कोट'.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणलं. तो विटांचा स्तूप निघाला. मधोमध एक दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय होतं माहितीये? मातीच्या भांड्याचे तुकडे आणि सोन्याची फुलं. भगवानलालांचं मत होतं की ते तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत. सोन्याच्या आत माती! भोवती आठ छोट्या मूर्ती होत्या, सात बुद्धांच्या आणि एक मैत्रेयाची. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

त्याच वर्षी गावातल्या एका तळ्याजवळ त्यांना तो दगड मिळाला, जो मी पाहिला होता. हे भगवानलाल मूळचे जुनागडचे, म्हणजे गिरनारच्या पायथ्याचे. तिथल्या खडकावर अशोकाचे लेख कोरलेले आहेत, आणि ती ब्राह्मी लिपी ते लहान वयातच वाचायला शिकले होते. सोपाऱ्याच्या तुकड्यावर मोजकीच अक्षरं उरली होती, पण ती कशातली आहेत हे ओळखणारा माणूस समोर होता. तो होता अशोकाचा आठवा लेख. पुढे १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला.

आता नीट ऐका, कारण आजचा सगळा भाग इथे वळतो. आठव्या लेखाचा विषय काय आहे? फिरणं!

खरंच. त्यात साधारण असं म्हटलंय की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार करायचे, मौज करायचे. मी राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून माझी धर्मयात्रा सुरू झाली. आता प्रवासात मी श्रमण-ब्राह्मणांना भेटतो, म्हाताऱ्या माणसांना भेटतो, त्यांना दान देतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी धर्माबद्दल बोलतो. आणि यातच जास्त आनंद आहे.

हे सगळं मी परीक्षेसाठी वाचलं होतं. समजलं मात्र नंतर, स्वतः माती खाल्ल्यावर.

झालं असं. नोकरी लागल्यावर मी ऑफिसच्या आठ जणांना म्हटलं, चला, माझा भाग दाखवते. मे महिना. माझा प्लॅन बघा: सकाळी होडीने अर्नाळ्याचा किल्ला, मग निर्मळ, मग चक्रेश्वर, मग स्तूप, आणि सूर्यास्ताला वसईचा किल्ला. एका दिवसात! दुपारी दोनला आम्ही स्तुपापाशी पोचलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे लाल झालेले. मी घड्याळ बघत बोलत होते. एकीने रील काढलं, दुसऱ्याने विचारलं, "यात बघण्यासारखं काय आहे? विटाच आहेत." बारा मिनिटांत आम्ही बाहेर.

परत रिक्षाकडे जाताना एका वाडीच्या फाटकात एक आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुठून आलात गं? उन्हाचे दिसताय. पाणी देऊ?"

मी म्हटलं, "नको आजी, घाई आहे."

रात्री रील एडिट करताना मला तो लेख आठवला आणि अक्षरशः लाज वाटली. म्हाताऱ्या माणसांना भेटा, गावच्या लोकांना भेटा. आजी स्वतःहून समोर आल्या होत्या, हातात पाणी घेऊन. आणि मी स्तूप दाखवायच्या घाईत होते!

पुढच्या रविवारी एकटीच गेले. आजी ओटीवर शेंगा सोलत बसलेल्या. मी म्हटलं, "आजी, गेल्या वेळी पाणी नको म्हटलं होतं. आज हवंय." त्या हसल्या. पाणी आलं, मग सुकेळी आली. सुकेळी म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, वसईची खासियत. मग तीन तास गेले.

त्या सांगत होत्या, लहानपणी त्या कोटावर बोरं वेचायला जायच्या. सासरे सांगायचे की भरतीला खाडीतून होड्या पार गावापर्यंत यायच्या. मी विचारलं, "आजी, बुरूड राजा कोण?" म्हणाल्या, "होता म्हणे कुणी. राजा झाला तरी टोपल्या विणायचं सोडलं नाही." माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. शूर्प म्हणजे सूप. सुपं कोण विणतं? बुरूड. शहराचं नाव लोक विसरले, पण नावातलं सूप गोष्टीत राहिलं असेल का? हा माझा अंदाज आहे हं, परीक्षेत लिहू नका. पण ओटीवर बसल्याशिवाय तो मला सुचला नसता.

मग त्यांनी विचारलं, "तुझं गाव कोणतं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "सातारा. आजोबा गिरणीत होते, लालबागला राहायचे. गिरणी बंद पडली, मग पप्पांनी इथे खोली घेतली."

"आणि तू कुठे जन्मलीस?"

"इथेच. नालासोपाऱ्याला."

"मग सातारा कशाला सांगतेस? सोपारा तुझं गाव."

मंडळी, मला उत्तरच सुचलं नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेत बारा लाखांवर माणसं होती, आणि त्यातली कितीतरी माझ्यासारखीच, कुणी घाटावरून, कुणी कोकणातून, कुणी उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली. आम्हाला कायम वाटतं की आपण पाहुणे, इतिहास असेल तर तो वाडीवाल्यांचा. पण बंदर म्हणजे तरी काय? लांबून आलेली माणसं उतरतात आणि त्यातली काही राहून जातात, ती जागा. सोपारा पहिल्यापासून हेच करत आलंय.

गेल्या पावसाळ्यात परत गेले, तर फाटकावर पत्रे लागलेले. वाडीवर इमारत होणार होती. आजी आता मुलाकडे, दुसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवते. कोणती तळी कुठे होती, कोणती बुजली, हे त्यांना तोंडपाठ आहे. स्तुपाला निदान पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. आजींच्या आठवणींना तसा फलक कुठे लागणार?

तर आता तुमच्यासाठी प्लॅन. माझ्यासारखी पाच ठिकाणं कोंबू नका. दोनच.

सकाळी लवकर नालासोपारा पश्चिमेला उतरा. रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' सांगा. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, ऊन कडक असतं. स्तुपावर शांत बसा. बुद्धपौर्णिमेला गेलात तर तिथे वंदनेला लोक जमलेले दिसतील. त्यांच्यासाठी ते पर्यटनस्थळ नाही, हे लक्षात ठेवून बोला-वागा. मग चक्रेश्वराचं देऊळ आणि तळं, तिथली ब्रह्मदेवाची उभी मूर्ती चुकवू नका.

दुपारी जेवून, उन्हं उतरल्यावर वसईचा किल्ला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. दोनशे वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या फौजेने मोठी किंमत मोजून किल्ला घेतला. इथली एक पोर्तुगीज घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आजही टांगलेली आहे. आणि १८०२ मध्ये याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. म्हणजे जिंकलं कसं आणि गमावलं कसं, दोन्ही एकाच गावात. प्री-वेडिंगवाल्यांना वळसा घाला आणि खाडीच्या बाजूला जा, तिथे मासेमारीच्या होड्या लागलेल्या असतात.

आणि दोन्ही ठिकाणी एक काम करा. एका तरी म्हाताऱ्या माणसाशी बोला. कुणी पाणी विचारलं तर हो म्हणा.

मग मला व्हॉइस नोट पाठवा, काय ऐकलंत ते. चांगल्या नोट्स पुढच्या भागात वाजवू.

आणि हो, आता कुणी विचारलं ना, कुठे राहतेस, की मी एका दमात सांगते: नालासोपारा. समोरचा हसला, तर त्याला दोन हजार वर्षं मागे नेते. तेवढा वेळ असतोच. विरार लोकल आहे, पोचायला वेळ लागतो.

भेटू पुढच्या भागात. उतरताना सांभाळून!