विजेच्या तारेवरून संदेश : फिल्टर कोणता लावावा?



आखाड्यावर राहणाऱ्यांना रात्री गोठ्यातला दिवा लावायला अंधारातून जावे लागते. पावसाळ्यात आपल्या परभणीच्या काळ्या रानात साप-विंचवाचे भय असतेच. नवीन तार न ओढता, आहे त्याच विजेच्या तारेवरून संदेश पाठवून घरातूनच हा दिवा लावता येतो. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने 1975 साली काढलेली एक्स-10 ही त्यातली जुनी पद्धत. आज वायफायचे संच जास्त दिसतात, पण पत्र्याच्या गोठ्यात वायफाय पोचतेच असे नाही.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. मोठ्या उपकेंद्रात उच्चदाब लाइनवर पिंपाएवढे वेटोळे टांगलेले आपण पाहिले असेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. लाइनवरून चाललेला संदेश ते अडवते आणि वीज मात्र जाऊ देते. घरातल्या फिल्टरचे कामही असेच असते.

आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, तर एक्स-10 चा संदेश 1 लाख 20 हजार वेळा. हा संदेश अगदी दुबळा, काही व्होल्टचाच. त्याला दोन रोग जडतात. पाटात कोणी गढूळ पाणी सोडावे तसा एक, तो म्हणजे गोंगाट. मोबाइलचा चार्जर, हलक्या प्रतीचा एलईडी दिवा, इन्व्हर्टर हे तो करतात. दुसरा रोग पाटाला घुशीचे बीळ पडावे तसा. यात गोंगाट नसतो, उपकरणच संदेश पिऊन टाकते. टीव्ही, संगणक यांच्या आत वीज येते तेथे बसवलेला कपॅसिटर हे काम गुपचूप करीत असतो.

येथेच बहुतेकांची फसगत होते. गोंगाट आहे म्हणून दुकानदार फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडायचा स्वस्त कपॅसिटर देतो. 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या विजेला सुमारे 32 हजार ओहम अडवतो, पण संदेशाला केवळ 13 ओहम. म्हणजे गोंगाटाबरोबर संदेशही गेला! पंपाचा कपॅसिटर तर त्याहून शेकडो पटींनी मोठा असतो.

वायरीवर चढवायचे काळे फेराइटचे कडे रेडिओतील खरखरीला बरे असते. परंतु एवढ्या कमी कंपनसंख्येला एका कड्याने फारसे काही होत नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

खरा उपयोगी फिल्टर म्हणजे तारेत एकसर जोडलेले वेटोळे, म्हणजे चोक. 100 मायक्रोहेन्रीचा चोक विजेला नगण्य, 0.03 ओहम अडवतो आणि संदेशाला सुमारे 75 ओहम. तो सॉकेट आणि त्रासदायक उपकरण यांच्यामध्ये बसवावा. फिल्टरमध्ये कपॅसिटरही असल्यास चोक सॉकेटच्या बाजूला व कपॅसिटर उपकरणाच्या बाजूला यावा. उलटे जोडल्यास पुन्हा घुशीचे बीळ. फिल्टरवर लिहिलेले अँपिअर उपकरणापेक्षा जास्त असावेत आणि कपॅसिटर एक्स-2 प्रकारचाच असावा. साधा कपॅसिटर आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

दोषी उपकरण शोधायला यंत्र लागत नाही. सर्व पिना काढाव्यात, संदेश जातो का पाहावे, मग एकेक पीन लावत जावी. सेलवरचा मीडियम वेव्ह रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवून उपकरणाजवळ नेल्यास गोंगाट ऐकूही येतो. पीन लावताच संदेश बंद पडला, पण रेडिओ गप्प राहिला, तर बहुधा तो पिणाराच.

फिल्टर घेण्याआधी एक पाहावे : घर आणि गोठा एकाच डीपीवर आहेत का? घर गावठाणाच्या लाइनवर व गोठा शेतीच्या लाइनवर असेल, तर कोणताही फिल्टर उपयोगाचा नाही. डीपी ओलांडून संदेश जात नाही. डीपी एकच पण फेज वेगळे असतील, तरी संदेश नीट पोचत नाही.

आता जिवाची गोष्ट. काही फिल्टरमध्ये अर्थिंगला जोडलेले कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेले असेल, तर फिल्टरच्या लोखंडी पेटीवर जवळजवळ अर्धा दाब, म्हणजे 115 व्होल्ट येतो. प्रवाह थोडा असल्याने माणसाला झिणझिण्या येतात. पण ओल्या जमिनीवर उभ्या गाईला काही व्होल्टही जाणवतात, ती पाण्याच्या हौदाला तोंड लावीनाशी होते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालीत जावे. गोठ्यात प्लॅस्टिक पेटीचा, अर्थिंगला कपॅसिटर नसलेला फिल्टर बरा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

हा संच दिव्यापुरता ठेवावा. मोटारीला मुळीच जोडू नये. साधा संच 'बंद' म्हणून सांगतो, पण मोटार खरोखर बंद झाली की नाही हे परत कळवीत नाही. गोंगाटात तो संदेश हरवला, तर घरी बसलेल्याला मोटार बंद वाटते आणि इकडे गडी विहिरीत उतरलेला असतो. विहिरीत उतरण्यापूर्वी स्टार्टरवरचे फ्यूज काढून ते उतरणाऱ्याच्याच खिशात द्यावेत.