व्ही बिट किती खोल उतरवायचा?

विंझरहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, पत्र्याचा आवाज मध्येमध्ये आला तर सांभाळून घ्या.

घरच्या छोट्या सीएनसीवर सर्किट बोर्ड कोरताना व्ही बिट किती खोल उतरवायचा, हे बरेच जण विचारतात. आणि सगळ्यांना एकच आकडा हवा असतो. पण नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर असतो फक्त ०.०३५ मिलिमीटर. नुसतं तांबंच कापायचं, तर ०.०५ सुद्धा पुरेल. मग खोली ठरते कशावरून? रेघेच्या रुंदीवरून.

आपल्याच जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये तिथे आली. फॅब लॅबवाल्यांची पद्धत म्हणजे १/६४ इंची, सरळ कडांचा एंड मिल. तो थोडा कमी-जास्त खोल गेला तरी रेघ ०.४ मिलिमीटरचीच पडते. पण तो पटकन मोडतो आणि महाग पडतो. व्ही बिट स्वस्त आणि दणकट, पण वर रुंद होत जाणारा. खोली बदलली की रुंदी बदलली.

हिशेब सोपा आहे. खोलीची दुप्पट घ्या, अर्ध्या कोनाच्या टॅननं गुणा, त्यात टोकाची रुंदी मिळवा. टोक ०.१ आणि कोन ३० अंश असेल, तर ०.१ खोलीला रेघ येते साधारण ०.१५ आणि ०.२ खोलीला ०.२१. कोन ६० अंश असेल तर त्याच दोन खोलींना ०.२२ आणि ०.३३. बघा केवढा फरक पडतो!

आता समजा, फ्लॅटकॅममध्ये तुम्ही टूलची रुंदी ०.१ भरली आणि प्रत्यक्षात रेघ ०.२१ ची पडली. ट्रॅकच्या दोन्ही कडांनी मिळून ०.११ मिलिमीटर तांबं जादा गेलं. ०.३ चा ट्रॅक उरला ०.१९. म्हणून आधी रुंदी ठरवा, तिच्यावरून खोली काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच रुंदी भरा. पाकिटावरच्या आकड्यावर मात्र भरवसा नको. काही ठिकाणी लिहिलेला कोन अर्धाच असतो, आणि टोक तर झिजतंच. भंगारातल्या तुकड्यावर ०.०५, ०.१, ०.१५ अशा रेघा मारा, भिंगाखाली मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

खरी गोची पुढे आहे. बोर्ड सपाट नसतो. चार इंची बोर्डात एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.२ चा फरक सहज निघतो. म्हणजे ०.१ खोली लावली तर एकीकडे बिट तांब्याला टेकतच नाही आणि दुसरीकडे भसकन आत जातो. त्यात आपल्याकडची हवा! कागदी फिनॉलिक बोर्ड ओल धरतो, खालचा एमडीएफचा बेड फुगतो. यावर उपाय हाइट मॅप. एक क्लिप बिटला, एक तांब्याला. कँडल किंवा बीसीएनसी दर १० मिलिमीटरवर टेकवून उंची नोंदवतं. त्याआधी तांबं घासून चकचकीत करा, नाहीतर स्पर्श कळत नाही. आणि स्पिंडल चालू करण्याआधी क्लिप काढा! मॅप त्याच बसणीत वापरायचा. बोर्ड उचलून परत चिकटवला की नवा घ्या. मॅप नीट झाला की ३० अंशांच्या बिटला ०.०८ ते ०.१ खोली पुरते.

मोटर पंपाचं कार्ड बनवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. कोरलेल्या बोर्डावर दोन ट्रॅकच्या मध्ये तांब्याची बेटं उरतात. पाच व्होल्टला चालतं. पण २३० व्होल्टच्या बाजूला त्या ०.२ च्या रेघेवर विसंबायचं नाही. ओल आणि धूळ बसली की तिथून करंट उडी मारतो, आणि पॅनलला हात लावणारा माणूस ओल्या जमिनीवर उभा असतो. त्या बाजूचं मधलं सगळं तांबं काढून टाका. मेन्स आणि कंट्रोलच्या मध्ये मी ८ मिलिमीटर मोकळे सोडतो, आणि रिलेखाली आरपार खाचही मारतो. तिथे व्ही बिट नको, सरळ एंड मिलच घ्या.

काम झालं की जुन्या टूथब्रशनं घासा. तांब्याचे केस रेघेत अडकून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. मग मल्टीमीटर बीपवर ठेवून शेजारशेजारचे ट्रॅक तपासा, सोल्डर करायच्या आधीच. बोर्ड फायबरचा असेल तर धूळ फुंकू नका. मास्क लावा, व्हॅक्यूमनं ओढून घ्या.