रिकाम्या हातांची सुवार्ता



'धर्मप्रसार' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. त्या आठीला कारण आहे. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं. सासष्टीत देवळं पाडली गेली, माणसं आपले देव घेऊन जुवारी नदी ओलांडून गेली. हे सारं ख्रिस्ताच्या नावाने झालं. मी ख्रिस्ती आहे, म्हणून हे आधी मीच सांगायला हवं.

आणि तरीही 'जा' ही येशूची आज्ञा मला सोडता येत नाही. मत्तयाचं शुभवर्तमान संपतं ते याच आज्ञेपाशी: सर्व राष्ट्रांकडे जा. पण जायचं कसं? त्याचं उत्तर लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. येशू शिष्यांना गावोगाव धाडतो तेव्हा थैली, झोळी, वहाणा, काहीच बरोबर घेऊ देत नाही. ज्या घरी उतराल तिथे पुढ्यात येईल ते खा, म्हणतो. म्हणजे ज्याला काही द्यायचं आहे, त्याच्या दारी आधी पाहुणा व्हायचं, त्याचं अन्न आधी खायचं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

ही आज्ञा शब्दशः जगलेला एक माणूस त्याच सासष्टीत, बाणावलीला, १६५१ साली जन्मला. कॅथलिक धर्मगुरू जोसेफ वाझ. त्या काळी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांचं राज्य होतं आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. तिथले श्रद्धावंत वर्षानुवर्षं धर्मगुरूविना होते. १६८७ साली वाझ मजुराच्या वेशात जाफन्याला पोहोचले. पाठीशी सत्ता नव्हती, कनवटीला पैसा नव्हता. त्यातच हगवणीने अंग खंगलेलं. अनोळखी लोकांनी पाजलेल्या पेजेवर ते जगले.

चालता येऊ लागल्यावर ते दारोदार भीक मागू लागले. गळ्यात जपमाळ उघडी ठेवलेली. भिक्षा घालायला माणूस उंबऱ्याशी आलं, की त्याची नजर कुठे जाते ते बघायचं. माळेवर नजर अडखळली, की समजायचं, इथे आपलं माणूस आहे. डोळ्यासमोर आणा श्रोतेहो: प्रेषित उंबऱ्याबाहेर हात पसरून उभा आहे, आणि देणारा हात आतून येतो आहे.

ते तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीच्या राज्यात शिरले तेव्हा पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं गेलं. पुढे सुटका झाली, आणि १६९७ साली तिथे देवीची साथ आली. राजा आणि दरबार नगर सोडून गेले. वाझ राहिले. घरच्यांनी टाकलेले रोगी त्यांनी उचलून आणले, त्यांना धुतलं, भरवलं, मेलेल्यांना मूठमाती दिली. कोण कुठल्या धर्माचा, हे तिथे कोणी विचारत नव्हतं. ज्यांना ख्रिस्ती डच हुडकत होते, त्यांना कँडीच्या बौद्ध राजाने आसरा दिला आणि धर्म सांगायची मोकळीकही दिली. १७११ साली वाझ तिथेच वारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

हे झालं परदेशचं. आता घरचं पाहू.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि १८९५च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण महाराष्ट्राला ख्रिस्त सांगायला त्यांनी भाषा कुणाची घेतली? ओवी, अभंग, कीर्तन, टाळ. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. हे घेणं म्हणजे त्यांचंही पंगतीला बसून पुढ्यात आलेलं खाणंच होतं. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती.

आणि सर्वांत जवळचं घर तर त्यांचं स्वतःचंच. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पतीमागून पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. मधल्या वर्षांतला विरह, राग आणि विचार त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहेत. आपल्या माणसाला इतका वेळ देणं, हीसुद्धा सुवार्ताच आहे.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना म्हणूनच एक विनंती. 'मी कुणाला काय देऊ?' हे विचारण्याआधी 'मी कुणाच्या घरचं काय घेतलं?' हे विचारा. शेजाऱ्याची भाषा, त्याचं दुःख, त्याच्या ताटातला घास आपण घेतलाय का? घेतला नसेल, तर आपण त्याच्या उंबऱ्यापर्यंतही पोहोचलेलो नाही.

आणि इतर श्रोत्यांना एवढंच सांगतो: आमच्यातलं कुणी हातात तलवार किंवा आमिष घेऊन तुमच्या दारी आलं, तर दार लावून घ्या. ते येशूने पाठवलेलं माणूस नव्हे. त्याने ज्यांना पाठवलं, त्यांची झोळीसुद्धा त्याने काढून घेतली होती.