तेवढीच दारू आता का बाधते?

(नांदुऱ्याच्या प्रौढ वर्गात झालेले भाषण)



परवा बाजाराच्या दिवशी एक आजोबा भेटले. वय सत्तरीच्या आसपास, कपाळाला पट्टी. म्हणाले, "डाक्टरसाहेब, तीस वर्सं झाले, मी सांजचा एकच गिलास घेतो. मंग आताच काऊन पडतो? दारूत काही मिसळतात का?"

दारूत काय मिसळतात ते भट्टीवाल्यालाच ठाऊक. पण आजोबांच्या पडण्याचे मोठे कारण त्यांच्या अंगातच आहे.

साठ किलो वजनाच्या जवान गड्याच्या अंगात सुमारे ३६ किलो पाणीच असते. वय झाले की मांस झडते, चरबी वाढते. मांसात पाणी पुष्कळ, चरबीत थोडे. म्हणून तेवढ्याच वजनाच्या म्हाताऱ्याच्या अंगात सुमारे ३० किलोच पाणी उरते. दारू पाण्यात मिसळते. आता बायांनो, तुम्हीच सांगा. वरणात मीठ तेवढेच टाकले आणि पाणी कमी, तर काय होते? खारट होते ना? तसेच रक्ताचे. गिलास तोच, पण रक्तात दारू जास्त दाट. बाईच्या अंगात तर पाणी मुळातच कमी, म्हणून तिला ती लवकर बाधते.

दारू जिरवते यकृत. म्हातारपणी तेही लहान होते, त्यातून रक्त कमी फिरते. मग दारू अंगात जास्त वेळ राहते. मेंदूही आधीसारखा सावरत नाही. दारूने लघवी फार होते, रात्री उठावे लागते. अंधार, उंबरठा आणि लटपटते पाय! हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडले की माणूस खाटेला खिळतो.

आणि आपला उन्हाळा! म्हाताऱ्याला तहान कमी लागते. त्यात दारू अंगातले पाणी काढून टाकते.

कोणी म्हणते, थंडीत दारूने ऊब येते. कातडी गरम लागते खरी, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

आजोबांच्या खिशात गोळ्याही निघाल्या. बीपीच्या, साखरेच्या, झोपेच्या. झोपेच्या गोळीवर दारू म्हणजे श्वास मंद पडण्याची भीती. साखरेच्या काही गोळ्यांवर उपाशीपोटी दारू घेतली तर साखर एकदम उतरते. माणूस बेशुद्ध पडतो आणि लोक म्हणतात, "पिऊन पडला."

"जन्मभर प्यालो, काय झालं?" असेही विचारतात. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातलेच. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. तेव्हा बाबा लहान होते. झिंगराजींना म्हातारपण दिसलेच नाही.

पण एक ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. हात थरथरतात, भास होतात, झटके येतात. जीवही जातो. सरकारी दवाखान्यात जाऊन औषध घेत सोडावी. १४४४६ या नंबरावर फोन केला तर पैसे पडत नाहीत.

आजोबांना मी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितले आहे. सोबत आजींनाही बोलावले आहे. गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते त्यांनाच पाठ आहे.